साखर उतरली, बूट चावायला लागले

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या अंगावर यायला नको. मी त्या गोळीचं नाव इथे लिहिणार नाही. ती गोळी खराब नाही. डॉक्टर विचार करून ती कितीतरी लोकांना देतात आणि त्यांना ती मानवते. मला ती कुठल्याही डॉक्टरनं दिली नव्हती. मीच शहाणपणा करून घेतली. तेव्हा हे वाचून कुणी आपली चालू गोळी बंद करू नये, शंका असेल तर आपल्या डॉक्टरला विचारावं. दुसऱ्याची गोळी खाणाऱ्यांनी मात्र हे बसून वाचावं, कारण त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

मी भिलाईच्या स्टील कारखान्यात क्रेन चालवायचो. वडील भंडाऱ्याकडून इथे मजुरीला आले, कारखान्यात लागले, आमचं लहानपण कॅम्प-१ या कामगारवस्तीत गेलं. आता सेक्टर २ मध्ये क्वार्टर आहे. घरात मी, बायको शालू, आणि शनिवार-रविवार रायपूरहून येणारी मुलगी प्रज्ञा. आमची क्रेन रस्त्यावरची नाही, शॉपच्या, म्हणजे कामाच्या मोठ्या शेडच्या, छताखाली रुळांवर धावणारी आहे. तिची केबिन उंचावर असते. तिथे जायला लोखंडी जिना आहे, बहात्तर पायऱ्या आणि मध्ये तीन लँडिंग. सव्वीस वर्षं मी तो जिना चढलो.

आजारातून उठल्यापासून लोक मला तेच तीन प्रश्न विचारतात. गोड खात होते का? टेन्शन घेत होते का? चालायला जात नव्हते का? तिन्हीचं उत्तर नाही असं आहे, आणि ते ऐकून लोकांचा विरस होतो. बुटांचं कुणी विचारत नाही. खरी गोष्ट बुटांत होती.

मेडिकल

साखर मला नऊ वर्षांपासून आहे. कारखान्याच्या हॉस्पिटलातून गोळ्या मिळायच्या, मी खायचो, साखर कधी वर कधी खाली, चाललं होतं.

पण क्रेनवाल्याची दरवर्षी मेडिकल होते. डोळे, कान, बीपी, साखर. साखर हाताबाहेर गेलेली दिसली की तुम्हाला वरून काढून खाली बसवतात. त्यात त्यांचं काही चूक नाही. हुकाला अनेक टन लोखंड लटकलेलं असताना वरच्या माणसाला चक्कर येऊन कसं चालेल? हे मला कळतं, तेव्हाही कळत होतं. पण खाली बसणं म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच विचारा. वर केबिनमध्ये मी दोन बोटांनी ते लोखंड उचलून पाहिजे तिथे ठेवायचो, इंचाचाही फरक नाही. खालची सगळी माणसं मान वर करून माझ्याकडे पाहायची. खाली आल्यावर तुम्ही टूल रूममध्ये नटबोल्टचे पाने मोजता आणि येणारा-जाणारा तुम्हाला चहा आणायला सांगतो. मला ते नको होतं. सरळ सांगायचं तर मला त्याची मरणाची भीती होती.

म्हणून मेडिकलच्या आधी आमच्याकडे सगळ्यांचे आपापले उपाय चालतात. कुणी मेथीचं पाणी, कुणी महिनाभर भात बंद. आणि गोळ्यांची देवाणघेवाण. ज्याची साखर उतरली त्याची गोळी काय ते विचारायचं, पट्टी मागून घ्यायची, मेडिकल पास करायची. याला आमच्यात कुणी चोरी म्हणत नाही. जुगाड म्हणतात.

त्या वर्षी माझी साखर काही केल्या ऐकेना. वासुदेव रामटेके माझा जोडीदार. एकाच क्रेनवर आमच्या पाळ्या, तो उतरला की मी चढायचो. कॅम्प-१ च्या शाळेपासूनची दोस्ती. त्यानं टिफिनच्या पिशवीतून एक पट्टी काढली.

"घे. महिनाभर आधी चालू कर. माही साखर पाह्य कशी गपचूप बसली."

"तुह्या डॉक्टरनं तुले देल्ली ना बे. मले चालते का?"

"साखर साखरच हाये ना. माही साखरेची अन् तुह्यी काय गुळाची हाये?"

आम्ही दोघेही खूप हसलो. आता आठवलं की त्या हसण्याचाच राग येतो.

मी हॉस्पिटलच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि ही वरून घेतली. पट्टी संपली तशी रिकामी पट्टी औषधाच्या दुकानात दाखवून नवीन आणली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. मेडिकलमध्ये साखर अशी आली की तिथले डॉक्टर म्हणाले, "बहुत बढ़िया। ऐसे ही मेंटेन रखो।"

आता सांगा, डॉक्टरनंच मेंटेन करायला सांगितलं. मी मेंटेन केलं. एवढंच नाही, एका गोळीनं इतका गुण येतो तर दोननं किती येईल, असा हिशोब करून दोन घ्यायला लागलो. शालूला सांगितलं नाही. ती विचारत बसली असती.

सात, आठ, नऊ

कारखान्यात सेफ्टी बूट मिळतात, पुढे बोटांवर लोखंडी टोपी असलेले. माझा नंबर सात. लग्नात सात होता, पोरगी झाली तेव्हा सात होता.

दोनेक महिन्यांनी बूट चावायला लागले. पाळी संपून घरी येऊन मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल रेघ उमटलेली असायची. नवीन जोडी निघायची वेळ होतीच. मी स्टोअरमध्ये गेलो आणि आठ नंबर मागितला.

स्टोअरचा बाबू म्हणाला, "इस बार का माल छोटा आ रहा है। सब यही बोल रहे हैं।"

मला केवढं बरं वाटलं! दोष मालाचा होता. तीन आठवड्यांनी आठ नंबरही चावायला लागला. मी पुन्हा गेलो, आणि त्या भल्या माणसानं काही न बोलता नऊ नंबर काढून दिला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा पाय तीन महिन्यांत दोन नंबरांनी वाढतो आणि त्याला, त्याच्या बाबूला, त्याच्या जोडीदाराला, कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मी हे शंभर वेळा मनात घोळवलं आहे आणि शंभर वेळा कपाळावर हात मारून घेतला आहे.

वजनाचीही तीच गत. शालू म्हणाली, "तुमचं पोट सुटून राहिलं. खानं कमी करा." मी तीनाच्या दोन पोळ्या केल्या, मग दोनाची एक. वजन वाढतच होतं. प्रज्ञानं ऑफिसातून फोन करून सांगितलं, "पप्पा, तुम्ही वॉक वाढवा. और स्ट्रेस मत लो." साळ्यानं कारल्याचा रस सांगितला. मी सगळं केलं. कारल्याचा रस पिऊन, एक पोळी खाऊन, सकाळी मैदानाला चकरा मारून मी जाड होत होतो आणि धापा टाकत होतो.

आणि साखर? साखर अगदी शाळेतल्या हुशार मुलासारखी वागत होती. म्हणूनच तर मी निर्धास्त होतो.

तिसरं लँडिंग

जिन्यानं मला आधी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. पूर्वी मी बहात्तर पायऱ्या बोलत-बोलत चढायचो. मग दुसऱ्या लँडिंगवर थांबायला लागलो, बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं. मग पहिल्यावरही. रोज दोनदा लेस सुटते आणि कुणी विचारत नाही. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन उशा घ्यायला लागलो, नंतर तीन. शालूला म्हटलं, मानेला बरं वाटतं.

त्या दिवशी दुपारची पाळी होती. वासुदेव वर केबिनमध्ये, मला त्याला मोकळं करायचं होतं. मी तिसऱ्या लँडिंगपर्यंत पोहोचलो आणि तिथेच बसलो. श्वास आत जातच नव्हता. छातीत दुखत नव्हतं, हे मुद्दाम लिहितो, कारण मी तोच विचार करत बसलो होतो, की दुखत नाही म्हणजे हृदयाचं नाही. तोंडातून आवाज निघेना. खाली लोखंड आपटत होतं, हाक मारली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. मी मरतो आहे असं मला अगदी साफ वाटलं, आणि त्यातही मनात आलं, इथे सापडलो तर क्रेन गेली.

मी वेळेवर आलो नाही म्हणून वासुदेव शिव्या देतच उतरला. मला पाहिलं आणि त्याच्या शिव्या थांबल्या.

"दिवाकर! काऊन बसला असा? बोल ना बे! बोल!"

त्यानं मला पाठीवर घेतलं आणि चोपन्न पायऱ्या एकट्यानं खाली उतरवलं. त्याचंही वय माझंच. खाली येईपर्यंत तो थरथरत होता, तरी अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

अंगठा

हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम आल्या. तिशीतल्या, घाईतल्या. त्यांनी माझी पँट वर केली, नडगीच्या हाडावर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खड्डा पडला. आपण पाहतोय आणि तो भरतच नाही.

"ये सूजन कब से है?"

"सूजन नहीं है मॅडम. बूट छोटा आ रहा है इस बार."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. नर्सबाई खाली मान घालून हसली. मग छातीची सोनोग्राफी झाली, ज्याला सगळे इको म्हणतात. संध्याकाळी मॅडमनी सांगितलं की हृदय नीट पंप करत नाही, जेमतेम निम्म्या ताकदीनं चाललंय, आणि अंगात पाणी साचलंय. पायांत, पोटात, फुप्फुसांत. वजन वाढलं ते पाण्याचं होतं. मी पोळी कमी करत होतो, पाणी वाढत होतं.

"हार्ट फेल" हा शब्द ऐकला की आपण समजतो आता हार घाला. तसं नसतं. हृदय बंद पडलेलं नसतं, थकलेलं असतं. हे मला कुणीतरी पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं होतं. प्रज्ञा रायपूरहून बसनं निघाली आणि वाटेतल्या कुम्हारीपर्यंत रडतच आली. तिला वाटलं, पोहोचेपर्यंत पप्पा राहणार नाहीत. मी खाटेवर बसून बिनमिठाच्या वरणावर वैतागत होतो.

मॅडमनी विचारलं, "और कौन-कौन सी दवा लेते हो?" मी हॉस्पिटलच्या गोळ्यांची नावं सांगितली. तेवढीच.

वॉर्ड

वॉर्डात सगळं मोजून. दिवसाचं पाणी मोजून, एका बाटलीवर सिस्टरनं पट्टी चिकटवलेली. त्यात चहा धरायचा, गोळ्यांसोबतचा घोट धरायचा. लघवी मोजून. पहाटे उठवून वजन. अंगातलं पाणी काढायची इंजेक्शनं होती, त्यामुळे दर वीस मिनिटांनी उठणं, आणि इकडे घशाला कोरड. शेजारच्या खाटेवरचे काका दिवसभर ताक प्यायचे आणि मला विचारायचे, "आप नहीं लेते?" मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटायचा. चांगला माणूस होता बिचारा.

शालू चहा घ्यायला बाहेर व्हरांड्यात जायची. मला वाटायचं, पाय मोकळे करते. प्रज्ञानं नंतर सांगितलं की मला दिसू नये म्हणून ती बाहेर उभ्यानं चहा प्यायची. तिनं हे मला कधीच सांगितलं नसतं.

आणि चौथ्या दिवशी मी एका उशीवर सरळ आडवा झालो आणि दम लागला नाही. पाठ टेकवून झोपणं ही केवढी चैन आहे! मी डोळे मिटून पडलो आणि मला रडू आलं.

पिशवी

पाचव्या दिवशी शालू राउंडच्या वेळेला आली. चेहरा असा की मी आधीच पांघरूण ओढलं. तिनं माझी टिफिनची पिशवी धुवायला काढली होती. आतल्या कप्प्यात पट्टी सापडली, अर्धी रिकामी. तिनं ती माझ्या हातात दिली नाही, सरळ मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी नाव वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "ये किसने लिखी?"

"मीच घेतली," मी म्हटलं. "खुद ही."

"कितनी?"

"एक. मग दोन."

त्या खाटेच्या कडेला बसल्या. डॉक्टर बसला की भीती वाटते. त्यांनी समजावलं ते मला कळलं तेवढं सांगतो. ही गोळी साखर उतरवते, ते खोटं नाही. पण ती अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते. मजबूत हृदय ते ओढून नेतं. माझं हृदय इतक्या वर्षांच्या साखरेनं आणि बीपीनं आधीच थकलेलं होतं, मला ठाऊक नव्हतं इतकंच. त्याच्यावर हे ओझं पडलं. अशा माणसाला ही गोळी देतच नाहीत. कुणाला दिलीच तर पायांवर आणि वजनावर नजर ठेवतात.

"आप पाँच दिन से मुझसे छुपा रहे थे," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

शालू माझ्याकडे पाहून हळूच बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुमची पोळी काढून घेत होती. कमी खाऊन राहिले तरी वजन वाढते म्हनून तुमालेच बोलत होती. अन् तुमाले तं माहीत होतं, का आपन गोळी घेऊन राहिलो. मले काऊन नाई सांगितलं?"

दोन दिवस ती कामापुरतं बोलली.

पुन्हा साखरेचीच गोळी

हॉस्पिटलातून सुटी होण्याआधी मॅडमनी नवीन औषधं लिहिली. त्यातली एक दाखवून म्हणाल्या, "ये शुगर की गोली है, पर दिल को भी सहारा देती है."

माझं डोकं फिरलं. एका साखरेच्या गोळीनं मला इथे आणलं आणि आता दुसरी साखरेचीच गोळी मला बाहेर काढणार! मी म्हटलं, मॅडम, मला साखर चालेल, गोळी नको. शालूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्यासकट गिळली. मोजलेल्या पाण्यासकट.

ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. म्हणजे काय होतं ते सविस्तर लिहीत नाही. सेक्टर २ ते मार्केट या रस्त्यावर कुठे-कुठे सोय आहे ते मला आता तोंडपाठ आहे, एवढं पुरे. स्वच्छता ठेवावी लागते, नाहीतर खाज सुटते, हेही लाजून न लपवता सांगतो. कारण लपवायची सवय किती महागात पडते ते सांगायलाच बसलो आहे. पण महिन्याभरात नऊ नंबरच्या बुटात पाय हिंदकळायला लागला. तिसऱ्या महिन्यात मी घराचा जिना न थांबता चढलो. सहा महिन्यांनी इको झाला तेव्हा मॅडम हसल्या, आणि त्या सहसा हसत नाहीत. त्यात एकट्या त्या गोळीचा वाटा नव्हता, बाकीची औषधं होती, कमी मीठ होतं, शालू होती. तरी मी त्या गोळीला मनातल्या मनात माफ केलं.

निमोनिया

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

शॉपमध्ये सगळ्यांना मी सांगितलं की निमोनिया झाला होता. वासुदेवलाही. तो हॉस्पिटलात तीनदा आला, दरवेळी मोसंबी घेऊन, आणि मी त्याला तोंडावर निमोनिया सांगितलं. कारण मी स्वतःला असं देत होतो की ज्यानं मला पाठीवर घेऊन उतरवलं त्याला कसं सांगू की तुझ्याच गोळीनं मी तिथे बसलो होतो? तो मोडून जाईल. हे कारण मी मनात मोठ्यानं म्हणायचो.

दुसरं कारण हळू म्हणायचो. मला टूल रूममध्ये बसवलं होतं, पाने द्यायला आणि घ्यायला. सहा महिन्यांनी मेडिकल बोर्ड ठरवणार होतं की क्रेनवर परत घ्यायचं की नाही. हृदयाचं त्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या कार्डावर बंद केलेल्या औषधांत त्या गोळीचं नावही होतं. बोर्डाला वाटलं, असेल कुणा डॉक्टरनं दिलेली. मी तसं वाटू दिलं. मेडिकल पास करायला दुसऱ्याची गोळी खाल्ली हे कळलं असतं, तर इको कितीही चांगला येवो, मला वर कुणी चढू दिलं नसतं. इको चांगला आला होता. बोर्ड शुक्रवारी होतं.

त्याआधी सोमवारी स्टोअरमध्ये बूट वाटप होतं. मी सात नंबर मागायला रांगेत उभा होतो, मनातून खूश. माझ्यापुढे दोन माणसं सोडून वासुदेव. तिथेच शॉपचे सेफ्टी ऑफिसर खुर्ची टाकून बसलेले, सह्या घेत.

वासुदेवचा नंबर आला. तो बाबूला म्हणाला, "आठ नहीं, इस बार नौ दे दो. बहुत काट रहा है."

बाबू म्हणाला, "माल ही छोटा आ रहा है."

खोटं कशाला सांगू, मी लगेच बोललो नाही. शुक्रवार माझ्या डोळ्यांपुढून गेला, केबिन गेली, खालून वर पाहणाऱ्या माना गेल्या. वासुदेवनं नऊ नंबर घेतला, बाकावर बसून पाय घालून पाहिला. मोज्याच्या वर ती रेघ होती. तशीच खोल.

मी रांग सोडली. त्याच्यासमोर खाली बसलो आणि त्याची नडगी धरून अंगठा दाबला.

"काय करून राहिला बे? सोड! लोकं पाहून राहिले."

मी अंगठा काढला. खड्डा पडला.

"वासुदेव, बूट ठेव. आत्ता हॉस्पिटलात चाल."

"कायले? माह्या डॉक्टरनं तर—"

"तुह्या डॉक्टरलेच दाखवू. तूच दोन महिन्यांपासून गेला नसशील. जिना चढताना लेस बांधतोस का? खरं सांग."

त्यानं पाय मागे ओढून घेतला.

"मले निमोनिया नव्हता झाला," मी म्हणालो. आवाज चढला होता, तो मला खाली आणता आला नाही. "तुह्या गोळीनं पाय सुजले माहे. मेडिकल पास करायले खात होतो. दोन-दोन खात होतो. हृदय पाण्यात गेलं होतं माहं."

सेफ्टी ऑफिसरनी पेन खाली ठेवलं. "मेडिकल के लिए?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं.

वासुदेव माझ्याकडे पाहत होता. तो मोडेल म्हणून मी घाबरत होतो, तसा त्याचा चेहरा मोडलेला नव्हता, रागानं लाल झाला होता.

"सहा महिने," तो म्हणाला. "सहा महिने तुले माहीत होतं? अन् मी रोज तीच गोळी खाऊन राहिलो, तू रोज पाहून राहिला? मी मोसंबी आनत होतो बे तुह्यासाठी."

आता

त्याचं हृदय वाचलं. म्हणजे फारसं बिघडलंच नव्हतं, पाणी साचायला सुरुवात झाली होती. त्याच्या डॉक्टरनं गोळी बदलली, सूज उतरली, तपासण्या करून त्याला क्रेनवर पाठवलं. त्याच्या बायकोनं शालूला फोन करून माझ्या नावानं खूप सुनावलं. शालूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर हाये तुमचं.

शुक्रवारी बोर्डापुढे मी सगळं परत सांगितलं. लेखी इशारा मिळाला आणि क्रेन कायमची गेली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती माझी. इको चांगला होता, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्याचा आता काही संबंध नव्हता. केबिनची आठवण अजून येते आणि राग येतो, सगळा माझ्यावरच.

आता मी खाली उभा असतो, वरच्या क्रेनला हातानं खुणा करतो. माझी पाळी वासुदेवबरोबर आली आहे. तो माझ्याशी बोलत नाही. खुणेपुरतं खाली पाहतो. डब्बा वेगळा खातो. मी दोनदा बोलायला गेलो, दोनदा त्यानं पाठ फिरवली. मला वाटतं, मी त्याच्या जागी असतो तर अजून वाईट वागलो असतो.

पण पाळी सुरू व्हायच्या आधी तो जिन्याशी येतो, पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि पँट वर करतो. तोंड दुसरीकडे. मी वाकून नडगीवर अंगठा दाबतो आणि काढतो. दोघेही पाहतो. खड्डा पडत नाही. मी म्हणतो, "जाय." तो पँट खाली करून चढायला लागतो, आणि मी खालून पायऱ्या मोजत राहतो, बहात्तर होईपर्यंत, तो कुठे थांबतो का ते पाहत.